मामांचं दगडफूल

आमच्या बायकोच्या मामांइतकं सावकाश प्रेम जगात कुणी कुणावर केलं नसेल, आणि ते मामींवर नव्हतं. ते होतं शिरगावच्या आमच्या वाडीतल्या आंब्याच्या खोडावर, दगडफुलाच्या एका राखाडी चकत्यावर. मसाल्यात घालतो तेच दगडफूल. मामा बोईसरच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ. रसायनांत वावरणाऱ्या माणसाच्या पेशींतली जनुकं बिघडू शकतात आणि दगडफुलातली काही द्रव्यं तो बिघाड बहुधा रोखतात, असं त्यांचं म्हणणं. 'बहुधा' त्यांनी जन्मभर सोडलं नाही. मामींनी पानं वाढली की "भूक लागलीय, बहुधा," म्हणत उठायचे. मुलगी पसंत आहे का, यालाही हेच उत्तर मिळालं होतं, हे मामी अजून ऐकवतात.

दर महिन्याला एका रविवारी ते भिंग आणि फूटपट्टी घेऊन यायचे. वर्षाकाठी चकता चहूबाजूंनी तीन-चार मिलिमीटर वाढला, की पोरगं पास झाल्यासारखे खूश. वाडीत काम करणारा काळू म्हणायचा, "मामा, तवर माझी पोरगी चालाय लागली. याला खत घालू काय?"

"नको रे, लाजेल ते."

चकता तळहाताएवढा झाला की मुंबईतले त्यांचे एक मित्र त्याचा अर्क काढून, त्याने जंतूंच्या जनुकांतला बिघाड थांबतो का, हे प्रयोगशाळेत तपासणार होते. दुकानातलं दगडफूल मामांना चालेना. ते कुठल्या झाडावरचं, किती वर्षांचं, कोण सांगणार? अकरा वर्षांनी एकदाचा तळहात भरला. येत्या रविवारी ते खरवडून नेणार होते.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. मांडवाभोवतीच्या झाडांना चुना-गेरू लावायची आपली पद्धत. एरवी भिंतीत खिळा न ठोकणारा मी, वरपक्षावर छाप पाडायला स्वतः बादली घेऊन बसलो. मामांच्या त्या आंब्याच्या खोडाला तर प्रेमाने दोन हात दिले.

मामा आले, खोडासमोर उभे राहिले. खिशातून फूटपट्टी काढली, परत ठेवली.

"दादांच्या हाती बादली देऊ नका, मी तवाच बोललो व्हतो," काळू म्हणाला.

"मामा, माझं चुकलं."

"जावईबापू, गेरूची रेघ मात्र सरळ आलीय." मग खोडावर हात ठेवून म्हणाले, "येईल परत." त्या एकदाच, 'बहुधा' न लावता.

मामांना जाऊन आता पाच वर्षं झाली. त्या आंब्याला मी पुन्हा चुना लागू दिला नाही. परवा खोडावर एक राखाडी ठिपका दिसला. मी मामांची फूटपट्टी आणून लावली. बायको मागे येऊन उभी राहिली.

"तेच आहे का हो?"

"बहुधा," मी म्हणालो.