आबांची हजेरी

आमच्या साडूंइतका बिनकामाचा प्रामाणिकपणा मी उभ्या जन्मात दुसऱ्या कोणात पाहिला नाही. प्रामाणिक माणसं पुष्कळ असतात, पण त्यांच्या प्रामाणिकपणाचा कोणाला तरी, निदान त्यांना स्वतःला, चार आण्यांचा उपयोग होतो. साडूंनी तेवढीही सवलत स्वतःला दिली नाही. ते डोणगावला विज्ञानाचे मास्तर, मी मेहकरचा कापडवाला. दोन सख्ख्या बहिणींचे आम्ही नवरे, एवढंच काय ते आमच्यातलं साम्य. एकदा शाळेत पट तपासायला साहेब येणार होते. मुलं कमी पडत होती. इतरांनी सुचवलं, शेजारच्या वस्तीवरची दहा-बारा आणून बसवा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. साडूंनी हजेरीत होती तेवढीच मुलं मांडली. तुकडी तुटली, आणि तुकडी यांचीच असल्यामुळे अतिरिक्त ठरले तेही हेच. पुढची सहा वर्षं रोज एसटीने दुसरबीडला जाऊन-येऊन नोकरी केली. मी म्हटलं, "मास्तर, काय मिळालं?" तर म्हणाले, "हजेरी खरी झाली ना, साडभाऊ." हा किस्सा माझी बायको मला दुकानात कापड मापताना ऐकवत असे.

निवृत्तीनंतर माणसं बागेत लक्ष घालतात, नाहीतर गावच्या राजकारणात. यांनी लक्ष घातलं ते परक्या देशांच्या लष्करी उपग्रहांत. फौजांचं बोलणं इकडून तिकडे पोचवणारे हे उपग्रह कुठे फिरतात ते त्यांची सरकारं सांगत नाहीत. पण बोलायचं तर रेडिओच्या लहरी सोडाव्याच लागतात, आणि त्या लहरी डोणगावच्या गच्चीवरही पडतात. त्या पकडून उपग्रह हुडकणारे रिकामटेकडे जगभर आहेत आणि ते एकमेकांना पत्रं लिहितात, हे मला साडूंमुळे कळलं. मोडक्या छत्रीच्या काड्या आणि कपडे वाळत घालायची तार यांचा त्यांनी अँटेना केला. तो आभाळाकडे किती कलवायचा हे कंपासपेटीतल्या कोनमापकाने ठरे. खाली टेबलावर भंगारातून आणून दुरुस्त केलेला रेडिओ. त्यावर एक काटा होता. उपग्रह आला की हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजे आणि काटा थरथरे. मला कापडाचा गज कळतो, काटा कळत नाही, त्यामुळे मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

शिट्टी ऐकली की साडू शाळेचा जुना हजेरीपट उघडत. ओळीने उपग्रह, समोर तारखांचे रकाने. ऐकू आला तर 'ह', नाही आला तर 'गै'. त्या पटाला कोणी हात लावायचा नाही, अगदी अक्कानेही नाही. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझी मोठी मेहुणी. आणि एकदा चढलेलं नाव कापायचं नाही, हाही शाळेतलाच नियम. "पोरगं कधी वापस येईन सांगता येत नाही," म्हणत. मी विचारलं, पण हे फौजी लोक बोलतात तरी काय? तर म्हणाले, "ते आपल्याले समजतच नाही, कुलूपबंद राह्यते. मास्तर हजेरी घेतानी पोराच्या पोटात काय हाय हे पाह्यते का? हजर म्हनलं की झालं."

भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हा माणूस मंडपामागे कानाला हेडफोन लावून उभा होता. विचारलं तर उत्तर, "भटजी थांबते, साडभाऊ. हे नाही थांबत." कोणीतरी ठाण्यात जाऊन बोलल्यामुळे एक हवालदार चौकशीला आले. साडूंनी त्यांनाच हेडफोन लावून दिला. हवालदारांनी पाच मिनिटं गंभीरपणे ऐकलं, "हे तं नुसतं सूं सूं करून राह्यलं," असा निर्णय दिला आणि जाताना साडूंना सोबत नेऊन आपल्या घरच्या टीव्हीची छत्री नीट करून घेतली.

या सगळ्यांत साडूंचा जीव होता तो आबांवर. पटावर शेवटच्या ओळीत हेच नाव होतं. कुठल्याशा परदेशी फौजेने साडू चड्डीत असताना सोडलेला हा उपग्रह. काम संपलं, बॅटरी मेली, लोक विसरले. पण अंगावर ऊन पडलं की तो आपोआप बोलायला लागे आणि पृथ्वीच्या सावलीत गेला की गप्प होई. साडूंनी तो आपला आपण शोधून काढला. परदेशातल्या जाणत्यांनी मागाहून पत्र पाठवलं, होय, तोच आहे. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. आबा दिवसातून काही वेळ आपल्या आभाळात असत आणि बाकीचा वेळ पृथ्वीच्या पल्याड. अक्का गिरणीवर कोणाशी तरी बोलली, "आबा आजकाल वेळेवर येत नाहीत," तर आबा म्हणजे घरातलं कोणी म्हातारं समजून दोन बाया संध्याकाळी तब्येत विचारायला घरी आल्या.

मग साडूंना ऐकू येईनासं झालं. आधी शिट्टी गेली, मग आमचं बोलणं. कानाचं मशीन लावून पाहिलं, त्यात नुसता गोंगाट. जन्मभर ऐकण्यावर जगलेला माणूस चार माणसांत बसेना, जेवताना मान वर करेना. तेव्हा अक्काने काय केलं, तर ज्या हेडफोनला ती इतकी वर्षं सवत म्हणत आली तो स्वतःच्या कानाला लावला. दुपारी कुरडयांचं पातेलं बाजूला सारून ती बसे आणि शिट्टी आली की हात वर करी. साडू तिच्या तोंडाकडे बघत बसत, मग पट उघडून लिहीत. त्या एका तासासाठी ते आंघोळ करत, धुतलेला सदरा घालत.

वैशाखात मी गेलो तेव्हा दोघं असेच बसले होते. अक्काने हात वर केला, "हाव, हाय! आज तं जोरात हाय!" मलाही हुक्की आली, हेडफोन घेतला. आत नुसती सूं सूं. इतक्या वर्षांत साडूंनी ऐकवून ऐकवून ती शिट्टी मला पाठ झाली होती, ती नव्हतीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साडूंच्या पाठीमागून अक्काने मला हात जोडले. साडू विचारत होते, "काऊन साडभाऊ, हाय ना आबा?" मी ओरडून म्हणालो, "हाव!" त्यांनी मान हलवली, पट ओढला आणि नेहमीसारखाच पानाला हात आडवा धरून लिहिलं.

स्वयंपाकघरात अक्का म्हणाली, "गुढीपाडव्यापासून गप्प हाय तो. मी रोजच हाव म्हनते. सांगू नोका, भाऊजी. आबा गेला म्हनून सांगतलं तं हे उठाचेच नाहीत सकायी." उभ्या आयुष्यात ज्याने एक खोटी हजेरी मांडली नाही, त्याच्या पटावर आम्ही रोज खोटी हजेरी लावून राहिलो होतो. मला लाज वाटली. तरी पुढे गेलो त्या प्रत्येक वेळी मीही हाव म्हणालो.

साडू पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले, दुपारी, खुर्चीतच. तेरावं झाल्यावर अक्काने हजेरीपट माझ्यासमोर ठेवला. "मी नाही उघडला. तुमीच पाहा," म्हणाली. तिचे डोळे अधू झालेत, बारीक अक्षर तिला लागत नाही. मी शेवटची पानं काढली. आबांच्या ओळीत पाडव्यापासून एकही 'ह' नव्हता. सगळे 'गै'. आणि तेव्हा मला तो काटा आठवला. आम्ही कानांच्या नादात राहिलो, आणि न हललेला काटा रोज त्या माणसाच्या डोळ्यांसमोर होता.

आबांच्या खाली पाडव्यापासून एक नवी ओळ होती. नाव होतं, 'सौ.' तिच्यापुढे ह, ह, ह, महिन्यामागून महिने. शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होतं, 'आबा येत नाहीत, ही रोज येते.'

मी ते वाचून दाखवलं. अक्का पटाजवळ सरकली. मग म्हणाली, "म्हंजे त्याईले मालूम होतं?"

"हाव," मी म्हणालो. पाडव्यानंतर त्या घरात मी म्हटलेला हा पहिला खरा हाव.

"पन मी एक दिवस नव्हती, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "नागपंचमीच्या दुसऱ्या रोजी डोयाच्या दवाखान्यात बुलढान्याले गेलती. त्या दिवशी काय लिवलं?"

मी बोट फिरवत त्या तारखेवर आलो. खोटं सांगणं सोपं होतं, तिला दिसणार नव्हतं. पण तो पट मांडीवर असताना माझी जीभ रेटेना.

"गैरहजर," मी म्हणालो.

तेरा दिवसांत अक्का पहिल्यांदा हसली. हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग कितीतरी वेळ तो खाली घेतला नाही.