सरोजदीदींचं रजिस्टर

सरोजदीदींना पकडायला मी स्वतःच्या घरात सापळा लावला होता.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. दीदी गेल्या.

बाबांचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. आवाज गेला. श्वासासाठी गळ्याला भोक आणि त्यात नळी. तीत कफ साचला की मशीनने ओढून काढायचा, नाहीतर जीव गुदमरणार.

मशीन दोन. एक विजेचं. दुसरं पायाने दाबायचं, लाइट गेली तर हाताशी असावं म्हणून आणलेलं. दिल्लीत, आमच्या मयूर विहारमध्ये तेव्हा लाइटचा काही नेम नव्हता.

आई आधीच गेलेली, मी दिवसभर ऑफिसात. म्हणून दिवसाची अटेंडंट ठेवली, सरोजदीदी.

आता माझी नोकरी सरकारी ऑफिसच्या व्हिजिलन्स सेक्शनमधली, म्हणजे लोकांचे गैरव्यवहार शोधायची. लोकांच्या फायली वाचून वाचून स्वभावच असा झालाय की कुणी "सब ठीक है" म्हटलं की मी आधी कपाट उघडते.

कफ काढल्याच्या नोंदींसाठी मी रजिस्टर आखून दिलं. तारीख, वेळ, सही. दीदी नेमाने भरायच्या. दहा, बारा, दोन, चार. अक्षरही सुबक.

इतकं नीटनेटकं रजिस्टर मला कधीच आवडत नाही.

एक दिवस विजेच्या मशीनच्या बटणावर थोडी टाल्कम पावडर लावून गेले. संध्याकाळी पावडर जशीच्या तशी. रजिस्टरमध्ये मात्र चारही नोंदी.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"आज लाइट गई थी क्या?"

"नहीं मैडम, आज तो बिल्कुल नहीं गई."

बाबांना विचारलं, "त्या वेळेवर करतात ना?" त्यांनी मान डोलावली, पण माझ्याकडे न बघता. झालं. म्हटलं, बाईने धाकात ठेवलंय.

बाबांच्या खुर्चीखाली त्यांचा ऑफिसचा जुना काळा बूट दिसला. एकच, उजवा. तो उचलून मी रॅकमध्ये ठेवला. एवढी मी हुशार.

तिसऱ्या दिवशी हाफ डे टाकला. ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस त्या वेळी नसते, ऑटोने आले. माझ्या चावीने आवाज न करता दार उघडलं.

आतून फस्-फस् ऐकू येत होतं.

बाबा खुर्चीत ताठ बसलेले. उजव्या पायात बूट, पायाखाली पंप. आर. के. पुरमच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरसमोर स्कूटरला किक मारायचे ना, तसा चेहरा. किती महिन्यांनी पाहिला मी तो.

दीदींच्या हातात बारीक नळी. नजर बाबांवर. "बस अंकल, दो और. शाबाश. अब रुको."

"ये किसकी परमिशन से चल रहा है?" मी दारातूनच म्हणाले.

दीदींनी आधी नळी नीट बाहेर काढली, मग बोलल्या. "अंकल की. लिखके दिया था, बेटी को मत बताना, बंद करा देगी."

बाबांनी वही ओढली आणि मला लिहून दाखवलं. 'एवढं तरी मला करू दे.'

मी घाबरले होते. पाय मध्येच थकला तर? पण घाबरले असं म्हणायचं सोडून मी म्हणाले, "रजिस्टर झूठा है." एजन्सीला फोन करून दीदींना दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

नवी अटेंडंट बटण दाबायची. बाबा तेवढा वेळ भिंतीकडे बघायचे. बूट रॅकमध्येच राहिला.

दोन महिन्यांनी बाबा गेले.

नंतर एकदा ते रजिस्टर उघडलं. दीदींची एकही नोंद खोटी नव्हती. कोणत्या मशीनने, हा कॉलमच नव्हता त्यात.

कॉलम मीच आखले होते.

तेराव्याला दीदी आल्या. फोटोसमोर हात जोडले आणि हळूच विचारलं, "मैडम, बाद में चलाने दिया ना अंकल को?"

मी म्हणाले, "हां. रोज."

"अच्छा किया."

निघताना चपला घालायला त्या रॅकपाशी वाकल्या. तिथे बाबांचे बूट होते. उजव्यावरही डाव्याइतकीच धूळ.

त्या थोडा वेळ तशाच वाकलेल्या राहिल्या. मग "चलती हूँ" म्हणाल्या.

माझं बोलणं त्यांना खरं वाटलं असेल का? मला तेव्हाही संशय होता, आजही आहे.

दीदी, मी खोटं बोलले होते. बाबांना मी परत एकदाही पंप चालवू दिला नाही.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.