दारावरच्या चिठ्ठीतली दुसरी ओळ

"त्रास किती वाजता सुरू झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी सातला."

त्यांनी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. "मग इतका वेळ काय करत होतात?"

काय सांगणार? नवरा जपानी बोलतोय असं वाटलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण सांगितलं.

कंपनी ह्यांना जपानला पाठवणार होती, म्हणून हे क्लासला जायचे. भुकूम गावातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जिकडेतिकडे चिठ्ठ्या. आरशावर 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सकाळचा नमस्कार. फ्रिजवर 'आरिगातो', म्हणजे आभार. दाढी करताना मोठ्यानं पाठांतर. मी वैतागायचे, "भिंतीचा रंग निघतोय, मालकीणबाई ओरडतील."

त्या रविवारी हे आरशासमोर काहीतरी अगम्य बोलायला लागले. पोहे परतता परतता मी म्हटलं, "झालं का तुमचं जपान सुरू!" सात वर्षांची आमची सई टाळ्या पिटून हसली. हेही हसले. मग खुर्चीत जाऊन बसले; रविवार आहे, बसू दे निवांत, म्हणून मी कामाला लागले. शिकलेली बाई मी, पण अक्कल चरायला गेली होती.

दुपारी मालकीणबाई वालाच्या शेंगा द्यायला आल्या. "सकाळपासून जपानी चाललंय ह्यांचं," मी म्हटलं. त्या दारातच थबकल्या. "अगं, तोंड वाकडं झालंय की त्येचं! ह्ये कसलं जपानी? गाडी बोलवा आधी!"

'इस्केमिक स्ट्रोक', डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. ते साडेचार तास आम्ही हसण्यात घालवले.

संध्याकाळी एमआरआयला नेलं. दारापाशी ह्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "इत्तेकिमास." दिवसभरातला पहिला स्पष्ट शब्द. मला अर्थ कळेना. "बरं, बोलू नका आता," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले. स्ट्रेचर आत गेलं.

मग 'अफेझिया' हा शब्द कळला. "त्यांना बरंचसं समजतंय," डॉक्टर म्हणाले, "पण शब्दापर्यंत जायची वाट तुटलीय. घोकलेलं कधीकधी आपसूक येतं. बाकी वाट बघायची."

बघितली. आयसीयूच्या बाहेर चार दिवस, मांडीवर थर्मास घेऊन. माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. सईला भेटायला सोडलं, तर हे तिला म्हणाले, "ओहायो." ती म्हणाली, "बाबा, सई म्हणा ना." ह्यांनी ओठ हलवले, पुन्हा हलवले, आणि ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पाचव्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले. दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी होती. इतक्या दिवसांत मी ती कधी वाचलीच नव्हती.

'इत्तेकिमास: जाऊन येतो. निघणाऱ्यानं म्हणायचं.'

'इत्तेराश्शाय: जाऊन ये. घरच्यांनी म्हणायचं.' आणि ह्या दुसऱ्या ओळीपुढे माझं नाव.

आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणायची सोय नाही. सासूबाई लगेच दटावायच्या, "येतो म्हण!" एमआरआयच्या दारात हे तेच तर म्हणाले होते. आणि उत्तराची वाट बघत होते. मी उंबऱ्यात बसून भोकाड पसरलं.

याला वर्ष झालं. उजवा हात अजून अर्धामुर्धाच चालतो. सईचं नाव येत नाही, माझंही नाही. तुमच्या घरात कुणाचं बोलणं अचानक बिघडलं, तर त्याला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. एक बाजू पडलेली दिसो न दिसो, थेट दवाखाना गाठा. थट्टा नंतर करा.

मालकीणबाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मी रडायला लागले की त्या म्हणतात, "बोलतोय न्हवं? मंग? कंच्या का भाषंत व्हईना!"

सोमवारी त्यांचे यजमान ह्यांना स्पीच थेरपीला, म्हणजे बोलायला शिकवतात तिथं, घेऊन जातात. हे काठी टेकत दारापर्यंत जातात आणि म्हणतात, "इत्तेकिमास." मी गॅस बंद करून दारात येते.

"इत्तेराश्शाय," मी म्हणते. ते ऐकल्याशिवाय हे उंबरा ओलांडत नाहीत.