केंदूर ते दौंड : सर्व्हिसिंगला निघालेली गाडी

फ्रिजसाठी तीन वर्षं साठवलेल्या पैशांतून मी फेब्रुवारीत सात वर्षं बंद पडलेली गाडी घेतली. घरात फ्रिज नाही, पण निदान दारात गाडी आहे, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्यांचं मत तयार असतं. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात जुनी गाडी स्वस्तात घेऊन उभी करायचं खूळ असेल तर हे वाचा आणि मग फ्रिजच घ्या.

आधी कारण सांगते. मी दौंडला राहते आणि पाटसच्या पलीकडे हमरस्त्यापासून सात किलोमीटर आतल्या एका वस्तीवर शाळेत शिकवते. एसटी मला फाट्यावर सोडते. पुढे चालत, नाहीतर उसाचा ट्रॅक्टर. तेव्हा मी शिक्षणसेवक होते, म्हणजे काम पूर्ण शिक्षकाचं आणि मानधन तीन हजार. तीन वर्षं भरून जूनमध्ये कायम होणार होते. जानेवारीत एसटी उशिरा आली म्हणून मला दोनदा उशीर झाला आणि हेडमास्तरांनी मेमो दिला. तिसऱ्यांदा उशीर झाला तर तालुक्याला लेखी कळवणार, आणि तसं गेलं की कायम होणं लटकलं. हेडमास्तर स्वतः मोटरसायकलवर येतात, म्हणून वेळेचं महत्त्व त्यांना फार.

"स्कूटी घे की," अण्णा म्हणाले. सल्ला रास्त होता. पण मला दार लावून आत बसता येईल असं काहीतरी हवं होतं. तीन वर्षं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शाळेत गेलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिरूरच्या हनुमंत मिस्त्रींनी गाडीचा पत्ता दिला. केंदूरला एक माजी सरपंच आहेत, आप्पा. त्यांच्या दारात पांढरी मारुती आठशे गेली सात वर्षं उभी आहे. दौंडहून शिरूरला थेट एसटी मिळाली तर नशीब, नाहीतर चौफुल्याला उतरून न्हावऱ्याकडची गाडी धरायची. रविवारी सकाळी सातला निघाले, साडेनऊला शिरूर. तिथून मिस्त्रींच्या स्कूटरवर मागे बसून नगर रस्त्यानं शिक्रापूर आणि आत केंदूर. कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या कानाला घासून जात होत्या, आणि मिस्त्री मागे वळून बोलत होते. शिक्रापूरच्या चौकात वडापाव खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही.

गाडी पाहिली आणि पैसे पर्समध्ये आहेत ना ते चाचपलं. बॉनेटवर साडी पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. पुढं नंबरप्लेटच्या वर लाल पाटी, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत 'सरपंच'. आप्पांचं सरपंचपद जाऊन दोन निवडणुका झाल्या होत्या, पण पाटीचा रंग मात्र ताजा होता.

मिस्त्री खाली वाकले आणि त्यांनी बोट वर दाबलं. बोट आत गेलं. गाडीचा तळ ओल्या बिस्किटासारखा झाला होता.

"आप्पा, गाडी धुता व्हय?" मिस्त्रींनी विचारलं.

"दर दसऱ्याला. आतनं भायेरनं. पंधरा-ईस बादल्या वततो. हार, हळदीकुकू, समदं. पूजा एक वरीस चुकवली न्हाई."

सात वर्षांत गाडी एक फूट हलली नव्हती, पण पूजा चुकली नव्हती. आत ओतलेलं पाणी कुठं जाणार? ते मॅटखाली बसून निवांत लोखंड खात होतं. नारळ नेहमी डाव्या बंपरच्या त्याच कोपऱ्यावर फुटायचा, म्हणून बरोबर तिथं आरपार भोक. बाकीच्या गाड्या वापरून खराब होतात. ही भक्तीनं झाली होती.

ओसरीवर बसलो. माझा अंदाज होता की आप्पा विचारतील, बाई, तुम्हाला गाडी चालवता येते का. त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणाला?"

"गायकवाड."

आता गायकवाड दोन्हीकडे असतात. आप्पांची पंचाईत झाली. "कुठलं गायकवाड?"

"दौंडचे."

"दौंडात कुठं?"

"विहाराच्या मागच्या गल्लीत."

"आसं व्हय," आप्पा म्हणाले, आणि एकदम हवापाण्यावर बोलायला लागले. चहा आला. मिस्त्रींना कपबशी. आप्पांना कपबशी. मला प्लास्टिकचा पांढरा कप, लग्नातून उरलेल्या गड्डीतला, नवा कोरा. किती ही स्वच्छता. चहा गरम होता, कप बोटांत मऊ पडला आणि अर्धा चहा साडीवर सांडला. मला राग आला होता. पण मला गाडीही हवी होती, आणि दोन्ही एका वेळी धरून बसायची सवय मला लहानपणापासून आहे. मिस्त्रींनी आपली कपबशी तशीच खाली ठेवली, चहा प्यायले नाहीत.

आप्पांनी अठरा हजार सांगितले. मी तळाकडे, बंपरकडे आणि कोंबडीकडे बोट दाखवलं. सोळावर आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक हाय. गावात इकली म्हनून सांगायचं न्हाई. सर्व्हिसिंगला चाललीय म्हना. आन् पाटी ऱ्हाऊ द्या तेवढी."

"का?"

"दारात गाडी हाय म्हनून मानूस अजून आप्पा म्हनतंय."

खोटं बोलण्याचे मी दोन हजार कमी करून घेतले. चौदाला सौदा झाला. आप्पांनी ट्रान्सफरच्या फॉर्मवर झटक्यात सही केली, वाचायचा प्रश्नच नव्हता. कोंबडीला अंड्यासकट टोपलीत हलवलं, आप्पांच्या घरातल्या काकींनी कुरडया गोळा केल्या. पाच-सहा जणांनी ढकलून गाडी रस्त्यावर आणली. पारावरून एक म्हातारा ओरडला, "आप्पा, कुटं चालली गाडी?"

"सर्व्हिसिंगला."

"सात वरसांनी?" म्हाताऱ्यानं विचारलं. आप्पा आत निघून गेले.

शिरूरपर्यंत गाडी टेम्पोच्या मागे दोरानं बांधून आणली. हे करू नका. ब्रेक जाम होते म्हणून चाकं ओरडत होती, आणि ब्रेक सुटले तर मी टेम्पोत घुसणार होते. स्टिअरिंगवर मीच होते आणि दोन तास माझा जीव त्या दोराला टांगलेला होता.

पुढचे तीन रविवार शिरूरला. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे चिंचेखाली चार पत्रे. टाकी उतरवली तर आत पेट्रोलचा डिंक झालेला. कार्बोरेटर धुतला, पंप बदलला, चारही चाकांचे ब्रेक उघडले. टायर भंगारातले, बॅटरी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची. रेडिएटरच्या पाइपला चीर होती, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. "नवा पाइप टाका," मी म्हटलं. "तुमचं बजेट संपलंया," मिस्त्री म्हणाले. ते खरं होतं.

तळाला पत्रा लागत होता. भंगारवाल्याकडे एक मोठा रंगीत बोर्ड पडला होता, कुठल्याशा नळपाणी योजनेच्या भूमिपूजनाचा. टाकी कधी झालीच नाही, पण बोर्ड चांगल्या जाडीचा. तोच कापून वेल्डिंग केला. माझ्या पायाखाली क्लचजवळ 'शुभहस्ते' असं लिहिलेलं आहे आणि हस्त कुणाचे ते पलीकडच्या सीटखाली गेलंय. त्या योजनेचा लाभ झालेली तालुक्यातली बहुधा मी एकटीच.

पाटी मात्र निघेना. स्क्रू गंजून एक झाले होते. मिस्त्री म्हणाले, पाटी काढली तर बंपर खाली येईल, तिनंच तो धरलाय. म्हणून मी 'सरपंच' होऊन निघाले. रविवार दुपार, एकटी, सोमवारी साडेदहाला शाळा.

शिरूर-न्हावरा रस्ता बरा आहे, खड्डे आहेत पण ओळखीचे. न्हावऱ्यात चहाला थांबले. टपरीवाला आधी पाटीकडे, मग माझ्याकडे बघत उठून उभा राहिला. फडक्यानं बाकडं पुसलं. चहा कपबशीत आला आणि त्यानं पैसे घेतले नाहीत. "आमच्या रस्त्याचं बघा जरा," एवढंच म्हणाला. मी बघते म्हटलं. दोन हजारांच्या खोट्यात आणखी एका चहाची भर पडली, आणि खरं सांगते, चहा फार गोड लागला. नंतर दहा किलोमीटर माझी मलाच लाज वाटत होती.

पारगावला भीमेच्या पुलावर चढले आणि बॉनेटमधून वाफ आली. ट्यूबची पट्टी सुटली होती. काटा लाल रेषेच्या पार. गाडी बंद केली, मागे उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. माझ्या डोळ्यासमोर तालुक्याला जाणारं ते लेखी पत्र होतं, शिक्क्यासकट. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. उगाच कशाला लपवू.

मागच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उतरून आला. पाटी वाचली.

"कुठल्या गावच्या सरपंच तुम्ही?"

चहा अजून तोंडात होता, पण आता खोटं बोलायला अंगात जोर नव्हता. "कुठल्याच नाही. शाळेत बाई आहे. पाटी जुन्या मालकाची."

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "सरपंच आसत्या तर ढकलून देनार व्हतो नदीत. झाकण उघडू नका, भाजंल. आर्धा तास थंड हू द्या."

दोघातिघांनी गाडी पुलापलीकडे ढकलली. त्यानं ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या डब्यातली तार काढून पाइप आवळला, नदीवरून कॅनभर पाणी आणलं. त्याच कॅनमधलं आधी स्वतः प्यायला, मग मला दिलं, मग उरलेलं रेडिएटरला. आडनाव विचारलं नाही. मीही त्याचं विचारलं नाही, म्हणून इथं लिहिता येत नाही. निघताना त्यानं दोन ऊस मागच्या सीटवर टाकले.

चौफुला, पाटस, तिथून दौंड. दर पाच किलोमीटरला थांबून काटा बघत आले. साडेसहाला गल्लीत शिरले तेव्हा अण्णा ओट्यावर होते. गाडी दौंडपर्यंत स्वतःच्या चाकांवर आली तर चहा मी करीन, असं ते म्हणाले होते. उठले, बॉनेटवर हात ठेवला, कान लावला.

"टॅपेट वाजतंय," म्हणाले.

"बाकी?"

"बाकी आली की." आणि आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. माझ्या आठवणीतला त्यांनी केलेला पहिला चहा. साखर विसरले होते, पण मी सांगितलं नाही.

पहाटे उठून त्यांनी रेल्वेतली लोखंड कापायची करवत काढली, पाटीचे स्क्रू कापले आणि बंपरला लोखंडी पट्टी मारली. पाटी बंबात घालायला निघाले होते, पत्रा आहे जळणार नाही असं मी म्हटल्यावर कुंडीखाली ठेवली. सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी शाळेच्या फाटकात होते. हेडमास्तर दहा पंचवीसला आले. जूनमध्ये मी कायम झाले. जुलैत पाऊस लागला तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, पाटसवरून मला घेत जाल का?" घेते. ते पाटसला वेळेत उभे नसले तर थांबत नाही.

आता जमेचं सांगते. एकूण पंचवीसच्या आत भागलं. पावसात उजव्या दारातून पाणी येतं. चढाला एसी बंद करावा लागत नाही, एसी नाहीच आहे. न्हावऱ्याला पुन्हा गेले तेव्हा टपरीवाल्यानं मला ओळखलं नाही, बाकडं पुसलं नाही आणि चहाचे पैसे घेतले. मागच्या चहाचेही देऊन आले.

गेल्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "मॅडम, गावात इचारत्यात. सर्व्हिसिंग झाली का?"

"चालू आहे म्हणून सांगा."

मग म्हणाले, "दसऱ्याला एक दिवस आणता का गाडी? दारात हुबी करू. पूजेपुरती."

"दसऱ्याला गाडी मोकळी नाही, आप्पा. त्या दिवशी विहारात आमचा कार्यक्रम असतो. गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना पांढऱ्या साड्या नेसून गाडीतून जायचंय, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय."

"म्हंजी जमायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी आणते," मी म्हटलं. "दिवसभर दारात उभी करा. पाणी मात्र आत ओतायचं नाही. आणि मी चहा घेईन, कपबशीत."

मग आप्पा म्हणाले, "या की. कपबश्या हायत्या घरात."

"माहीत आहे, आप्पा," मी म्हटलं. "मिस्त्रींना दिली होती तुम्ही."