आमच्या विहीणबाईंचा मोकळा हिशेब

खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या या नव्या मुंबईत आजवर जेवढे हिशेब झाले असतील, त्यांतला सर्वांत चोख हिशेब आमच्या विहीणबाईंनी केलेला आहे, आणि तो त्यांनी मोठ्यानं वाचूनही दाखवलेला आहे. या वाचून दाखवण्याचा पहिला अनुभव मला आमच्या मुलांच्या लग्नात आला. मुलीच्या आईनं मांडवात डोळे पुसावेत आणि मुलाकडच्यांनी थोडं रुसून घ्यावं, ही आपली रीत. विहीणबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि पाठवणीच्या आधी दोन्ही घरच्या माणसांना हॉलमध्ये बसवून निम्म्या-निम्म्या खर्चाचा तपशील वाचायला घेतला. "वाढप्यांना बक्षिसी, मुलाच्या काकांनी परस्पर कबूल केलेली," हे वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं की माझा भाऊ पुढं वर्षभर कुणालाच बक्षिसी देत नव्हता.

विहीणबाई मूळच्या रबाळे गावातल्या. शेती गेली, खाडी गेली, शेताच्या जागी कारखाने आले. त्यांतल्याच एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात त्या चिकटल्या आणि खातेप्रमुख होऊन निवृत्त झाल्या. एरवी त्यांचं मराठी ऑफिसातलं, नीट इस्त्री केलेलं. पण राग आला की इस्त्री मोडते आणि आतलं आगरी बाहेर येतं. मी ऐरोलीत डॉक्टर. गरीब रुग्णांसाठी आम्ही काही जणांनी ट्रस्ट काढून एक छोटं डायलिसिस केंद्र चालवलेलं. निवृत्त बाईला घरी बसून कंटाळा येत असेल, या भाबड्या समजुतीनं मीच त्यांना खजिनदार केलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी केंद्राच्या दारात एक भलामोठा पांढरा फळा टांगला आणि त्यावर जमा-खर्च लिहून काढला. येणाऱ्या रुग्णानं, त्याच्या नातेवाइकानं, औषधं टाकायला आलेल्या टेम्पोवाल्यानं, कुणीही वाचावा. 'किरकोळ' या शब्दाशी त्यांचं उभं वैर. "किरकोळ म्हणजे काय? किरकोळ नावाचं दुकान आहे का कुठं?" त्यामुळे फळ्यावर 'डॉक्टरांचा चहा' अशी स्वतंत्र ओळ आली आणि माझे रुग्ण मला साखर कमी करायचा सल्ला देऊ लागले.

पावतीच्या बाबतीत तर त्या देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा कडक. एका रिक्षावाल्यानं बायकोच्या डायलिसिसनंतर खिशातली दहाची नोट काढून ठेवली, तर विहीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि दोन्ही हातांनी पावती दिली. तो माणूस बाहेर पडताना दोन इंच उंच झाल्यासारखा चालत होता. उलट एका बिल्डरनं घसघशीत चेक पुढं करून "पावतीवर जरा मोठा आकडा टाका, मॅडम, तुमचंही काम होईल, माझंही," असं सुचवलं, तेव्हा इस्त्री मोडली. "कोनाच्या बापाचा ट्रस्ट हाय हा?" बिल्डर चेक आणि पेन दोन्ही टाकून गेला. चेक त्यांनी कुरियरनं परत केला. पेनही.

आता खरी हकिगत. महाप्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी आमच्याच केंद्रात डायलिसिस घेणारी बायको गेल्यावर तिच्या नावानं एक डायलिसिस मशीन घ्या म्हणून आपल्या फंडातली मोठी रक्कम आम्हाला दिली आणि ते साताऱ्याकडं आपल्या गावी निघून गेले. मशीनला अजून थोडे पैसे लागणार होते, ते जमवत होतो, तेवढ्यात कोरोना आला. देणग्या आटल्या. सिस्टर आणि टेक्निशियन पीपीई किट घालून घामानं निथळत कामावर येत होते आणि त्यांना द्यायला पगार नव्हता. विहीणबाईंनी त्या गृहस्थांना फोन लावले, ते लागेनात. शेवटी त्यांनी मशीनची रक्कम पगाराला वापरली आणि फळ्यावर तसं ठळक लिहिलं. ऐरोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. ज्यांचे पैसे, त्यांना मात्र नाही.

पुढं ट्रस्टची करसवलतीची नोंदणी नव्यानं करून घ्यायची वेळ आली. ती असली की देणगीदाराला करात सूट मिळते. ती गेली की निम्मे देणगीदार ओळख दाखवत नाहीत, आणि मग केंद्राला कुलूपच. आयकर अधिकाऱ्यांसमोर आम्ही तिघं बसलो होतो: मी, विहीणबाई आणि आमचे तरुण सीए. कागद बघून झाले, साहेब फाइल मिटायला लागले, आणि विहीणबाई म्हणाल्या, "साहेब, एक राहिलं." मशीनची सगळी गोष्ट त्यांनी सांगून टाकली. सीएंनी टेबलाखालून माझं मनगट धरलं.

"हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"विचारल्यावर सांगितलं तर ते उत्तर झालं, साहेब. न विचारता सांगितलं तर हिशेब."

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले, "देणगीदाराची लेखी संमती आणा, नाहीतर रक्कम परत करा. तोवर फाइल थांबेल." परत करायला रक्कम होती कुठं?

कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांकडून पत्ता काढून मी आणि विहीणबाई माझ्या गाडीनं निघालो. गृहस्थ घरासमोर शेजाऱ्यांबरोबर बसले होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. सगळ्यांना मोठ्यानं म्हणाले, "ह्या बघा, आमच्या हिची मशीन चालवत्यात, त्या ताई!" गावभर त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, आता काही बोलू नये. चहा घ्यावा, मग आत नेऊन हळूच सांगावं. विहीणबाईंनी हात जोडले. "दादा, ती मशीन नाही. आलीच नाही. तुमचे पैसे मी पगाराला वापरले. तुम्हाला विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

शेजारी एकेक करून उठले. गृहस्थ उठून आत गेले. आम्ही तसेच बसून राहिलो. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं दिसत होतं.

"पगार कुणाचं दिलं?"

विहीणबाईंनी कागद न बघता एकेक नाव सांगितलं. आमच्या केरळच्या उंच सिस्टरचं नाव आलं, तसा त्यांनी हात वर केला.

"ती पोरगी? हिनं मशीनीकडं कधी बघितलंच न्हाई, ताई. भिंतीकडं त्वांड करून पडायची. म्हणायची, ती पोरगी आली का बघा आधी, मगच मला आत न्या." त्यांनी विहीणबाईंकडं बघितलं. "मला इचारायला पायजे व्हतं तुमी."

"हो."

"आणा कागद. पगाराला दिलं म्हणून लिवा. पर नाव हिचंच लिवा."

नोंदणी झाली. केंद्र चालू आहे. नव्या ट्रस्टवाले आता कारभार शिकायला आमच्याकडं येतात, तेव्हा मी माझी ओळख 'डॉक्टर' अशी करून देत नाही. 'खजिनदारबाईंचा व्याही' अशी देतो, आणि माझी छाती चांगली चार बोटं पुढं येते.

एक गोष्ट मात्र मी या ट्रस्टवाल्यांना सांगत नाही. त्या दिवशी परत येताना विहीणबाई सगळा घाट तो संमतीचा कागद मांडीवर धरून होत्या. दिवेलागणीला रबाळे गावात, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. उतरून दार धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तो मानूस आत गेला ना, तवा मला वाटलं, खोटं बोलली असती तर बरं झालं असतं."

एवढं बोलून त्या वळल्या. गल्ली अरुंद, दिवे गेलेले, आणि बाईंचे गुडघे दुखरे. त्या घरात शिरेपर्यंत मी गाडीचा उजेड त्यांच्या पायापुढं धरून ठेवला.