सुधाचा ड्रम आणि आमचे सात महिने

सुधा गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. तिची सून बोलत होती. "मावशी, अत्ते गेल्या... साडेदहाला नेणार आहेत." सासूला ती कानडी रिवाजाप्रमाणे अत्ते म्हणते. मी बेंगळूरच्या एका टोकाला, बेळ्ळंदूरला, मुलाकडे राहते आणि सुधाचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. आठ वाजता टॅक्सीत बसले, नऊ वाजता रिंग रोडवरच होते, आणि पोचले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. सून ओल्या केसांनी उंबरा धूत होती. साठ वर्षांच्या ओळखीत सुधासाठी वेळेवर न पोचण्याची माझी ही दुसरी खेप. पहिलीबद्दल लिहायचं म्हणूनच, तिला जाऊन दीड महिना झाल्यावर, मी हे लिहायला बसले आहे. नुसते गुण गाणं सुधाला आवडलं नसतं, आणि मला ते जमतही नाही.

आमची ओळख टायपिंगच्या क्लासात झाली. साठच्या दशकाची मधली वर्षं असतील. माझे बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून बदलून आलेले. मुलीने पदवी होईपर्यंत कॉलेजनंतरच्या वेळात रिकामं बसू नये म्हणून त्यांनी मला कँटोन्मेंटमधल्या एका माडीवरच्या क्लासात घातलं. तिथल्या बाई ग्रामोफोनवर मार्चची तबकडी लावत आणि त्या ठेक्यावर आम्ही वीस जण बडवत बसायचो. शेजारच्या मशीनवरची मुलगी ठेक्याच्या मधल्या जागाही भरते आहे, हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ती सुधा. चिकपेटच्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्याची थोरली मुलगी, घरात सगळ्यांची अक्का. चार पिढ्या बेंगळूरात काढलेल्या त्या लोकांचं मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. ते तिने पाहिलं आणि म्हणाली, "हस की. तुझी पुणेरी ऐकून मला पण स्वल्प हसू येतंय."

क्लासात मेल्विन नावाचा एक अँग्लो-इंडियन मुलगा होता, त्याच्याकडे गिटार होती आणि त्याला बँड काढायचा होता. दुसरा श्रीनाथ. त्याच्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे जुन्या रेडिओच्या भागांतून आवाज मोठा करायचं यंत्र त्याने स्वतः जोडलं आणि त्याच्या जोरावर बँडमध्ये दुसऱ्या गिटारची जागा मिळवली. माझा आवाज गोड होता, इंग्रजी शाळेतलं होतं. ड्रमला माणूस मिळेना तेव्हा सुधा म्हणाली, "मी आहे की." मुलगी ड्रम वाजवते हे तेव्हा कुणी पाहिलेलंही नव्हतं. तिने लग्नाच्या वाजंत्रीवाल्यांकडून एक जुना मोठा ड्रम पैदा केला. त्याच्यावरचं बँडवाल्याचं नाव खरवडलं तरी शेवटची दोन अक्षरं राहिलीच. बँडचं नाव आम्ही ठेवलं "द होम कीज". टायपिंगमध्ये बोटं ज्या मधल्या ओळीवर ठेवायची, तिला होम कीज म्हणतात.

तालीम कुठे करायची हा प्रश्नही सुधानेच सोडवला. त्यांचं कापडाचं गोदाम आठवड्यातून एक दिवस बंद असे. चारी भिंतींना छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे. आम्ही कितीही आदळआपट केली तरी सगळा आवाज कापड पिऊन टाकी आणि गल्लीत कुणाला पत्ता लागत नसे. सुधा चप्पल काढून, पदर कमरेला खोचून, अनवाणी पायाने ड्रमचं पेडल मारायची. एकदा मागचं दार उघडून तिचे वडील, अप्पा, आत आले. कपाळावर गंध, डोक्यावर काळी टोपी... मला वाटलं, संपलं. ते पाच मिनिटं ऐकत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "अक्का, गठ्ठ्यांवर धूळ उडवू नका." तेव्हा मला त्या घराचं नवल वाटलं. आमच्या शिकल्यासवरल्या घरी मी बँडबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. विचारायचं धाडसच केलं नाही, आणि नकार मिळालाच आहे असं धरून चालले.

सात महिने चाललं हे. एकदा मेल्विनच्या बहिणीच्या लग्नात वाजवलं, एकदा क्लासच्या बक्षीस समारंभात. दोन्हीकडे लोक आधी सुधाच्या साडीकडे बघायचे आणि मग तिच्या हातांकडे. मग कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात बोलावणं आलं. तिथे रविवारी सकाळी अकराला तरुण पोरं-पोरी कॉफी पीत नाचायची आणि त्यांच्यासाठी बँड असे. एका रविवारी वाजवून दाखवायचं, आवडलो तर दर रविवार आमचा. सुधा इतकी खूश होती की चालताचालता माझ्या पाठीवर ठेका धरायची. "नीलू, पोटातून म्हण हं. माइक आहे म्हणून हातचं राखू नको."

त्याच रविवारी सकाळी दहाला मला बघायला पुण्याची माणसं येणार होती. मी हॉटेलात गेले नाही. निरोपही पाठवला नाही. अकरा वाजले तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत होते.

संध्याकाळी सुधा आमच्या घरी आली. ओट्यावर धुवायच्या बशा होत्या, आई आनंदात होती. सगळं तिला दिसलं. मला अंगणात नेऊन तिने विचारलं, "हो म्हटलंस?" मी मान डोलावली. "सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. मग आवाज खाली आणून, "मी सांगितलंय सगळ्यांना, तुला गालगुंड झालंय. आठ दिवस क्लासला येऊ नको." पडत्या फळाची आज्ञा मानून मी आठ दिवस घरात बसले. तिसऱ्या दिवशी श्रीनाथ मेल्विनच्या आईने दिलेलं कस्टर्ड घेऊन आला, कारण गालगुंडात चावता येत नाही. आत आई लग्नाची यादी करत होती आणि बाहेर मी गालाला मफलर गुंडाळून ते कस्टर्ड खाल्लं. इतकं शरमेचं खाणं मी आयुष्यात पुन्हा खाल्लेलं नाही.

"तिकडे काय झालं?" मी सुधाला विचारलं होतं. "काही नाही. वाजवलं, कॉफी प्यालो, आलो. परत नाही बोलावलं." त्यानंतर बँड बंदच पडला. मेल्विन वर्षभरात ऑस्ट्रेलियाला गेला. सुधा सरकारी कचेरीत स्टेनो झाली, तिचं लग्न झालं, पुढे निवृत्त झाली. पुन्हा ड्रमला तिने हात लावला नाही. मी पुण्याला संसार केला आणि तो चांगला झाला. पंधरा वर्षांपूर्वी मुलाच्या नोकरीमुळे इथे परत आले तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा तरी भेटत होतो. एकदाच मी धीर करून म्हटलं होतं, "सुधा, त्या रविवारी..." ती म्हणाली, "कॉफी गार होतेय." चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, ती अजून रागावलेली आहे.

तेराव्याला श्रीनाथ आला होता. कानाला यंत्र, हातात काठी. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच मागे बसलो होतो. मी म्हटलं, "श्रीनाथ, तेव्हा मला गालगुंड झालं नव्हतं." तो हसला. कानडीत म्हणाला, "माहीत आहे. कस्टर्ड खाताना तुझा मफलर सुटला होता. दोन्ही गाल सारखेच होते." मग त्याने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या रविवारी आमचा बँड पडला नव्हता. गाण्याशिवाय नुसतं वाजवूनही लोकांनी तिघांना उठू दिलं नव्हतं. हॉटेलच्या मॅनेजरने दर रविवार देऊ केला. एकच अट होती, त्यांची गाणारी मुलगी बँडमध्ये घ्यायची. मेल्विन तयार होता, श्रीनाथही. सुधाने नाही म्हटलं. "आमची गाणारी आहे. तिला बरं वाटलं की येईल." मॅनेजर महिनाभर थांबला. मग त्याने दुसरे लोक घेतले.

त्या महिन्यात मी काय करत होते ते मला नीट आठवतं. मी सुधाच्या अप्पांच्या दुकानात लग्नाच्या साड्या घेत होते. गठ्ठे सोडून एकेक साडी आमच्यापुढे पसरत होती ती सुधाच. "ही बघ नीलू, हा रंग तुला उठून दिसेल." आणि मी आरशात बघत होते...

मी उठून तिच्या खोलीत गेले. खिडकीजवळ तिची लाकडी खुर्ची होती. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांचं पॉलिश उडून आतलं लाकूड पांढरं पडलं होतं, बोटं आपटून आपटून. सून मागे आली. "तिथे कुणी बसत नाही मावशी. त्यांची जागा तशीच ठेवलीय आम्ही." कुणासाठी जागा राखून ठेवली की काय होतं, ते मला नुकतंच कळलं होतं. मी सरळ जाऊन बसले. बोटं त्या पांढऱ्या लाकडावर ठेवली आणि रडले, घरातल्या माणसांसमोर, लाज न बाळगता. सुनेला वाटलं, मैत्रीण गेली म्हणून. ते तर होतंच.

साठ वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की वडिलांपुढे माझं काय चालणार. सुधालाही तसंच वाटलं असणार, म्हणून तर ती महिनाभर थांबली. ते तसं नव्हतं. आदल्या शनिवारी बाबांनी मला विचारलं होतं, "उद्या चालेल ना गं तुला? नाहीतर पुढच्या आठवड्यात बोलावतो त्यांना."

मी म्हटलं होतं, "चालेल."