दौतीतलं दूध

नातीसाठी दुधाच्या पावडरीचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी लहानपणीच्या, गार्डन रीचच्या शाळेत जाऊन बसले. तिथलं पावडरीचं फुकट दूध बाईंसमोरच प्यावं लागे. घरी नेलं तर यादीतून नाव जाई. माझ्या शेजारी बसणारी मिनोती मात्र रोज घोटभर दूध चिनी मातीच्या रिकाम्या दौतीत भरून धाकट्या बहिणीला न्यायची.

एकदा बाईंनी दौत उचलली. "यात काय आहे?"

मिनोतीनं माझ्याकडे पाहिलं. "शाई," मीच बोलून गेले.

त्यांनी बूच काढून वास घेतला.

"शाईच आहे," त्या म्हणाल्या. बूच घट्ट लावून त्यांनी दौत तिच्या हातात दिली.

बाईंना कसं फसवलं, म्हणून मी कितीतरी वर्षं खुशीत होते. हा वास कधी लपतो का!